सपाटीच्या पोटातले डोंगर

सागरी मैदान म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली आकृती डोळ्यांपुढे येते: समुद्रबूड जमीन, खंडान्त उतार आणि मग एक सरळ आडवी रेघ. ती रेघ इतकी सरळ का, हा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही. मला तो फार उशिरा पडला.

तीन ते सहा हजार मीटर खोलीवरची ही मैदानं. इथे किलोमीटरभर गेलात तरी उतार एक मीटरही लागत नाही. जमिनीवर इतकं सपाट काही शोधायला गेलात, तर दमाल. गंमत म्हणजे हा तळ जन्मतः सपाट नसतोच. महासागराच्या मधल्या पर्वतरांगेत लाव्हा वर येतो, थिजतो, भेगाळतो, आणि शेकडो मीटर उंचीच्या टेकड्या घेऊनच तो तळ दूर सरकू लागतो. त्या टेकड्या जातात कुठे?

गाडल्या जातात. पण कशा, ते नीट पाहू. वरून सूक्ष्म जीवांचे सांगाडे आणि वाऱ्याने आणलेली धूळ सतत पडत असते. खोल समुद्रातली लाल माती हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर साठते. पण हा गाळ टेकडीवरही पडतो आणि खळग्यातही. पलंगावर चादर टाकली म्हणून खालच्या उशीचा उंचवटा जातो का? सपाटी यायची तर गाळाला वाहत जाऊन खळगाच गाठावा लागतो.

तो वाहतो याचा पुरावा मिळाला समुद्रतळावर टाकलेल्या टेलिग्राफच्या तुटलेल्या तारांतून. 18 नोव्हेंबर 1929 रोजी कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेला समुद्रात भूकंप झाला. जवळच्या तारा लगेच तुटल्या, यात नवल नाही. पण पुढे 13 तासांहून अधिक काळ, उताराच्या खालच्या बाजूच्या तारा एकामागून एक तुटत राहिल्या. कोणती तार कधी तुटली याची नोंद टेलिग्राफ कार्यालयांत होतीच. 1952 मध्ये ब्रूस हीझन आणि मॉरिस युइंग या समुद्रतळाच्या अभ्यासकांनी त्या वेळा आणि अंतरं जुळवली. उतारावरून गाळमिश्रित पाण्याचा लोंढा धावला होता, सुरुवातीला तर रेल्वेच्या वेगाने.

घरी करून बघा. काचेच्या उंच पेल्यात पाणी घ्या, मूठभर माती टाका, ढवळा आणि ठेवून द्या. जाड वाळू आधी तळाशी बसते, तिच्यावर बारीक, सगळ्यात वर मऊ चिखल. सागरी मैदानात नळी खुपसून वर काढलेल्या गाळात अगदी हाच क्रम दिसतो, एकावर एक, कितीतरी वेळा. प्रत्येक थर म्हणजे एक लोंढा. कधी कधी त्या वाळूत उथळ पाण्यातल्या जीवांची कवचं सापडतात. एवढ्या खोलवर ती आपल्या पायांनी नक्कीच आलेली नसतात!

म्हणूनच अटलांटिकमध्ये अशी मैदानं पुष्कळ आहेत आणि पॅसिफिकमध्ये त्या मानाने कमी. पॅसिफिकच्या काठाने खोल गर्ता आहेत. खंडावरून निघालेला गाळ आधी त्यांतच अडकतो. तिथे भर समुद्रात, हजारो किलोमीटरपर्यंत, त्या मूळच्या टेकड्या अजून पातळ चिखल पांघरून उभ्या आहेत.