आधी वीज काढा

[काळा पडदा. फक्त आवाज : टक्… टक्… टक्. क्षणभर शांतता. पुन्हा तेच.]

हा आवाज ज्याने एकदा ऐकला, त्याच्या तो कायमचा लक्षात राहतो. कॉम्प्युटर सुरू होत नाही आणि आतली हार्ड डिस्क ठरावीक तालात टकटक करत राहते. माहिती साठवणाऱ्या तबकडीवर वाचणारं हेड नेमकं कुठे आहे, हे कळण्यासाठी कारखान्यातच चुंबकीय खुणा लिहून ठेवलेल्या असतात. हेड त्या खुणा शोधायला निघतं. खुणा सापडत नाहीत. मग ते मूळ जागी परततं आणि पुन्हा निघतं.

अशा वेळी आपण काय करतो? बंद करून परत चालू करतो. मग आणखी एकदा. कळवळून सांगावंसं वाटतं, तेवढं करू नका. आधी वीज काढा.

[उघडलेली हार्ड डिस्क. आरशासारखी चकचकीत तबकडी.]

साडेतीन इंची डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरू शकते. तेव्हा तिची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते. हेड तिच्यावरून तरंगतं, तेही अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून. आपला केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. हेडला आधार असतो तो फक्त या वेगातून तयार होणाऱ्या हवेच्या पातळ थराचा.

हेड वाकलं किंवा तुटलं की ते तबकडीला घासायला लागतं. माहिती ज्या थरात लिहिलेली असते, तोच खरवडला जातो. त्याची पूड आत उडते आणि धड असलेल्या हेडखाली जाते. ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. ‘बघू तरी, चालते का’ म्हणून अर्धा मिनिट डिस्क फिरवली, तर त्याच जखमेवरून ३६०० वेळा घासणं झालं. खरवडून गेलेला थर कुठल्याही प्रयोगशाळेत परत आणता येत नाही.

प्रत्येक डिस्क अशीच जाते असं नाही. काही अगदी गप्प होतात. विजेच्या झटक्याने खालचा सर्किट बोर्ड जळालेला असतो, तबकड्या मात्र शाबूत असतात. पूर्वी त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावला की काम भागायचं. आता बहुतेक डिस्कमध्ये तसं होत नाही. बोर्डावरच्या एका चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापं साठवलेली असतात. ती चिप सोल्डर काढून नव्या बोर्डावर बसवावी लागते.

आणि डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तो जुना सल्ला? कृपया ऐकू नका. बाहेर काढताच गार तबकडीवर दव धरतं, आणि हेडला त्या दवावरून जावं लागतं.

[हातमोजे घातलेले दोन हात. चिमटा. झाकण उचललं जातं.]

या टेबलावर गाळलेली हवा संथपणे वाहते. शेजारी दुसरी डिस्क ठेवलेली आहे, डोनर. मॉडेल तेच, शक्यतो बनावटीचा काळही जवळचा. तिची चांगली हेड्स या डिस्कमध्ये बसवायची आहेत. हेड्स बाहेर सरकवताना समोरासमोरची टोकं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये छोटी फणी घालतात. फणी बसली, की हात अगदी सावकाश मागे येतो. खोलीत कोणी बोलत नाही.

नवी हेड्स किती तास टिकतील, कोणी सांगू शकत नाही. म्हणून आता फोल्डर उघडून बघायचे नाहीत. विंडोजने ‘फॉरमॅट करू का’ विचारलं, तर नाही म्हणायचं. फक्त सेक्टरमागून सेक्टर, म्हणजे माहितीचा एकेक छोटा तुकडा घेत, नक्कल उतरवायची. जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम यात फार शहाणपणाने वागतो. सहज वाचता येईल ते आधी उचलतो. अडलं, की हट्ट न करता काय वाचलं, काय राहिलं याच्या नकाशात खूण करतो आणि पुढे जातो. अवघड जागांकडे शेवटी वळतो, लहान लहान तुकड्यांनी, कधी उलट्या दिशेने.

[अंतराळयानाचे जळालेले अवशेष.]

१ फेब्रुवारी २००३. कोलंबिया यान परतीच्या वाटेवर आकाशातच तुटलं. सात अंतराळवीर गेले. अवशेषांत ४०० एमबीची एक हार्ड डिस्क सापडली. प्लॅस्टिक वितळलेलं, सील जळालेलं, आत माती. तिच्यात झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाच्या नोंदी होत्या. क्रोल ऑनट्रॅक या डेटा परत मिळवणाऱ्या कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळाली. २००८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या संशोधनपत्रिकेत त्या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले.

हे जमलं, कारण तबकड्या वाकल्या नव्हत्या. डिस्क अर्धीच भरलेली होती, आणि मातीने खराब झालेल्या जागी काही लिहिलेलंच नव्हतं. आगीतूनही जे वाचलं, ते एक वाकडं हेड मिनिटाभरात संपवू शकतं.

[पडद्यावर आकड्यांच्या रांगा.]

नक्कल पूर्ण झाली. मूळ डिस्कची वीज काढली. फाइलींची यादी मात्र गेलेली आहे. मग प्रोग्राम कोट्यवधी बाइटमधून सुरुवातीच्या खुणा शोधतो. जेपेग फोटो असेल, तर तो ‘एफएफ डी८’ या दोन बाइटने सुरू होतो. खूण दिसली की तिथून फोटो उचलायचा. नावं परत येत नाहीत, म्हणून फायलींना नुसते क्रमांक मिळतात.

[एक फोटो उघडतो. वर हसणारे चेहरे. खालचा तिसरा हिस्सा करडा.]

तो करडा पट्टा म्हणजे तिथलं वाचता आलं नाही. डिस्कची मालकीण स्क्रीनजवळ सरकते. चेहऱ्यांवर बोट ठेवून एकेक नाव घेते. मग म्हणते, “पुढचा दाखवा.”