मल्हाररावांचा धर्मपुत्र

नमस्कार श्रोतेहो.

उपकाराची फेड अपकारानं करणाऱ्याचं वाटोळं होतं, असं आपण सहज बोलून जातो. आज नजीबखान रोहिल्याची, म्हणजे दिल्लीत बसलेल्या अफगाण सरदाराची, हकिकत सांगतो. ती इतकी सरळ नाही.

१७५७ साली राघोबादादांच्या फौजांनी दिल्ली जिंकली आणि नजीब पुरता कोंडीत सापडला. त्याला सोडू नये, असंच बहुतेकांचं मत. तो मल्हारराव होळकरांच्या पायाशी गेला, धर्मपुत्र म्हणवून घेतलं आणि सामानसुमानासकट सुखरूप बाहेर पडला. उत्तरेत एखादा शत्रू शिल्लक असला तरच पेशव्यांना सरदारांची किंमत राहील, असा हिशेब मल्हाररावांनी केला, असं बखर सांगते. मला ते पटतं. निव्वळ दयेवर राजकारण चालत नाही. पण हिशेबानं का होईना, जीव वाचला होता.

दोनच वर्षांनी शुक्रतालला दत्ताजी शिंदे गंगेकाठी तळ देऊन बसले. होड्यांचा पूल बांधून देतो, असा नजीबचा शब्द होता. आज बांधतो, उद्या बांधतो करत त्यानं पावसाळा काढला. पूल काही झाला नाही, आणि तिकडे अब्दालीला बोलावणी चालूच होती. १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडले. पुढच्या संक्रांतीला पानिपत झालं.

म्हणजे जीवदान दिलं एकानं आणि किंमत मोजली भलत्यांनीच! मल्हारराव पानिपतातून निसटले. आणि नजीब? दिल्लीचा कारभार मनासारखा हाकून १७७० साली तो आजारपणानं मेला.

फळं आली ती त्याच्या माघारी. पानिपतात पायाला जखम होऊन जन्माचे लंगडे झालेले दत्ताजींचे भाऊ महादजी रोहिलखंडात उतरले. १७७२ साली मराठ्यांनी नजीबचा किल्ला पत्थरगड घेतला, नजीबची कबर फोडली, पानिपतात धरून नेलेल्या बायका सोडवल्या. मुलगा झाबेताखान पळाला. नातू गुलाम कादिर पोरवयात बादशहा शाह आलमच्या हाती लागला. बादशहानं त्याला मुलासारखं वागवलं. मोठा झाल्यावर, १७८८ साली, त्यानं त्याच बादशहाचे डोळे काढले. आजोबाचा कित्ताच गिरवला म्हणायचा! मात्र आजोबासारखं अंथरुणावरचं मरण काही त्याला लाभलं नाही. महादजींच्या माणसांनी त्याला पकडलं आणि १७८९ साली हालहाल करून मारलं.

हे पाहायला मल्हारराव नव्हते. ते १७६६ सालीच आलमपूरला वारले होते.