दोन कानांचा नट

मंडळी, हा नट हातात घ्या आणि मागे पाठवत राहा. जड आहे, पायावर पाडू नका. स्पोकच्या चाकाला मध्यभागी असा एकच नट असतो. त्याच्या दोन कानांवर तांब्याच्या तोंडाचा हातोडा मारून तो आवळायचा, आणि हातोड्यानंच सोडायचा.

एम.जी. टीसी ही १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनला बनलेली दोन माणसांची गाडी. साधारण १०,००० बनल्या. तिचं इंजिन माणसं पोटच्या पोरासारखं जपतात. हरवतात ते असले नट, मुठी, बटणं, दिव्यांच्या कड्या. आज बोलायचंय ते ही चिल्लर नव्यानं घडवण्याबद्दल.

पहिला मोह असा होतो की जुना नग घ्यावा, वाळूत दाबावा आणि पितळ ओतावं. मीही तेच केलं होतं. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आटतं. ६० मिलिमीटरची मूठ जवळजवळ एक मिलिमीटरनं लहान होऊन हातात येते, आणि बसत नाही. म्हणून तर पॅटर्नवाल्याची, म्हणजे ओतकामासाठी नमुना बनवणाऱ्याची, फूटपट्टी वेगळी असते; तिचा इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा. शिवाय जुना नगही धड नसतो. दोन-तीनदा बफिंग होऊन अक्षरांच्या कडा गेलेल्या असतात. आता स्कॅनर आलेत, पण स्कॅनर ती झीजसुद्धा इमानदारीनं मोजून देतो. मी तीन-चार नग जमवतो आणि वॉशरखाली दडलेल्या भागावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो. तिथं ना हात पोचलेला असतो, ना पॉलिश.

जस्ताच्या ओतीव वस्तूंची गत आणखी वाईट. जस्तात शिशाची भेसळ राहिली असेल, तर काही वर्षांनी वस्तू आतूनच फुगते, तडकते. असला नग मोजायचा म्हणजे सुजलेल्या पायाचं माप घेऊन चप्पल शिवणं.

पण खरी गंमत आट्यांची. टीसीच्या इंजिनावरचा बोल्ट घ्या. डोक्याला व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्लिश मापाचा, पाना लागतो, म्हणून आटेही इंग्लिशच असणार असं वाटतं. ते निघतात मेट्रिक! कारण पहिल्या महायुद्धात फ्रान्सची हॉचकिस कंपनी आपली यंत्रं घेऊन कॉव्हेंट्रीला आली. १९२३मध्ये तो कारखाना मॉरिसनं, म्हणजे एम.जी.ची इंजिनं बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीनं, घेतला. आटे पाडणारी यंत्रं फ्रेंच, मेकॅनिकच्या पेटीतले पाने इंग्लिश. तडजोड बोल्टच्या डोक्यावर झाली. बरं, ८ मिलिमीटरचा बोल्ट म्हणून बाजारातून आणला तरी फसाल. आज सर्रास मिळतो त्याच्या दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिलिमीटर, यांचं १. दोन फेरे जातो आणि मग अडतो. तिथं जोर लावणारे लोक मी पाहिलेत.

नट कुठं पोचला? हां, आतले आटे बघा. हा डाव्या चाकाचा, म्हणून आटे सुलटे. उजव्या चाकाला उलटे लागतात. चाक हबवर, म्हणजे आसाच्या टोकावरच्या तुंब्यावर, अगदी किंचित मोकळं बसतं. ते पुढे फिरताना नट कणाकणानं चाकाच्या विरुद्ध दिशेला फिरतो, म्हणजे आपोआप आवळला जातो. बाजू चुकली तर तोच आपोआप सुटतो. बाकीच्या चिल्लरीत हौस चालते, इथं नाही. धातू कुठला, ओतीव की घडीव, हे ठरल्याशिवाय मी नटाला हात लावत नाही.

बाहेर आलेले कान पायी चालणाऱ्याला लागतील म्हणून अमेरिकेत १ जानेवारी १९६८पासून नव्या गाड्यांवर असे नट बंद झाले. जुन्या गाड्यांचे मालक मात्र कानवालेच मागतात. मीही देतो.

आता आतल्या कडेला बोट फिरवा. बारीक ठिपका लागतोय? ती माझी खूण. चाकावर बसवल्यावर दिसत नाही. पण उद्या कुणी हा नट ‘अस्सल, अ‍ॅबिंग्डनचा’ म्हणून विकायला काढला, तर घेणाऱ्यानं तो उलटा करून बघावा.