डिझेल मर्सिडीजला कुठलं ऑइल? डबा उलटा करून वाचा

[दृश्य: चाकणची औद्योगिक वसाहत. ट्रेलरवर चढवलेल्या, पांढरं आवरण घातलेल्या गाड्या.]

जानेवारी २०१८. चाकणच्या कारखान्यातून मर्सिडीजची एस ३५० डी बाहेर पडली. भारतात तयार झालेली ही पहिली बीएस-६ गाडी, म्हणजे धुरातल्या प्रदूषणाच्या नव्या, कडक नियमात बसणारी. नियम देशभर लागू व्हायला अजून सव्वादोन वर्षं होती आणि त्या दर्जाचं डिझेल पंपांवर यायचं होतं. गाडी आधी आली, इंधन मागून आलं.

आज त्या पिढीतल्या डिझेल गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोचल्या आहेत. वॉरंटी संपलेली, शोरूमचं बिल नकोसं झालेलं, म्हणून गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये जाते. बॉनेट उघडतं आणि ठरलेला प्रश्न येतो, "ऑइल कुठलं टाकू साहेब?" साहेबांना ठाऊक नसतं. मग मेकॅनिकच उत्तर देऊन टाकतो, "आपल्याकडची गरमी बघता जाडच बरं. पंधरा-चाळीस टाकू. ट्रकला चालतं, हिला काय होतंय?"

[दृश्य: जुन्या डिझेल गाडीचं इंजिन, धूर सोडणारा सायलेन्सर.]

या सल्ल्याला हसू नका. एकेकाळी तो अगदी बरोबर होता.

बीएस-२ च्या काळात आपल्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५०० भागांपर्यंत गंधक असायचं. बीएस-३ ला ही मर्यादा ३५० वर आली. गंधक जळलं की आम्ल तयार होतं आणि ते इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. ते मारायला ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियमची संयुगं भरपूर घालावी लागत. झीज रोखायला जस्त आणि फॉस्फरस. ट्रकच्या ऑइलमध्ये हा सगळा माल ठासून भरलेला असे आणि त्याचा फायदाही होई. थोडं ऑइल पिस्टनच्या रिंगांवरून वर जाऊन जळलं, तरी सायलेन्सरमधून बाहेर पडून जाई. वाटेत अडकायला काही नव्हतंच.

मग डिझेल बदललं. एप्रिल २०१० मध्ये तेरा मोठ्या शहरांत गंधक ५० भागांवर आलं, एप्रिल २०१७ मध्ये देशभर, आणि एप्रिल २०२० पासून फक्त १० भाग. आम्ल तयार होणं फार कमी झालं. त्याच वेळी इंजिन आणि सायलेन्सरच्या मध्ये एक नवा पाहुणा येऊन बसला.

[दृश्य: कापून उघडलेला डीपीएफ. आतली बारीक चौकोनी छिद्रं जवळून.]

हा डीपीएफ. डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या मोटारीत तो पहिल्यांदा आला २००० साली, फ्रान्सच्या प्यूजो ६०७ मध्ये. याच्या भिंतींना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. वायू आरपार जातो, काजळी आत राहते. ठरावीक काजळी साचली की इंजिन आपणहून जास्तीचं डिझेल सोडतं, फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. याला रीजनरेशन म्हणतात.

काजळी जळते, कारण ती कार्बन आहे. पण ऑइलमधलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त जळून नाहीसं होत नाही. शेगडीतला कोळसा संपतो आणि राख उरते, तसं. ही राख फिल्टरच्या आत बसते आणि कितीही वेळा रीजनरेशन केलं तरी तिथेच राहते.

एक ढोबळ हिशेब करू. युरोपातल्या मोटार उत्पादकांची संघटना आहे, एसीईए. तिच्या सी-३ वर्गातल्या ऑइलला राखेची मर्यादा आहे ०.८ टक्के. ए-३/बी-४ या जुन्या वर्गात ती १.६ टक्क्यांपर्यंत जाते. समजा, तुमचं इंजिन दहा हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल पितं. एक लाख किलोमीटरला दहा लिटर, म्हणजे साधारण साडेआठ किलो. पहिल्या ऑइलची राख भरते ६८ ग्रॅम, दुसऱ्याची १३६. सगळीच फिल्टरपर्यंत जाते असं नाही, पण फरक दुपटीचा आहे आणि फिल्टर तेवढाच. तो चोक व्हायला लागला की पिकअप जातो, ॲव्हरेज पडतं, रीजनरेशन सारखं सारखं सुरू होतं. नव्या फिल्टरची किंमत एकदा विचारून बघा. मग ऑइलच्या डब्यावर शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस करावीशी वाटणार नाही.

[दृश्य: टेबलावर तीन डबे. तिन्हींवर पुढे मोठ्या अक्षरांत ५डब्ल्यू-३०.]

आता हे तीन डबे बघा. तिन्हींवर ५डब्ल्यू-३०. तिन्हींवर 'फुल्ली सिंथेटिक'. दुकानदाराच्या लेखी तिन्ही सारखेच. आता डबे फिरवू. पहिल्याच्या मागे लिहिलंय एसीईए ए-५/बी-५. दुसऱ्यावर ए-३/बी-४. तिसऱ्यावर सी-३ आणि त्याखाली एमबी अप्रूव्हल २२९.५२. पुढचा आकडा फक्त ऑइल किती पातळ आहे ते सांगतो. आत काय मिसळलंय, राख किती होणार, कुठल्या इंजिनावर ते तपासलं गेलं, हे सगळं मागच्या बारीक अक्षरांत असतं. ती अक्षरं इतकी बारीक का छापतात, हा प्रश्न कंपन्यांनाच विचारायला हवा.

मर्सिडीजच्या या 'एमबी' आकड्यांत एक खोच आहे आणि बरेच जण तिथेच फसतात. २२९.३ आणि २२९.५ ही जास्त राखेची ऑइलं. पेट्रोल गाड्यांना आणि फिल्टर नसलेल्या जुन्या डिझेलना चालणारी. २२९.३१, २२९.५१ आणि २२९.५२ ही कमी राखेची, डीपीएफवाल्या डिझेलची. म्हणजे २२९.५ आणि २२९.५१ यांत दिसायला शेवटचा एकच आकडा वेगळा. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "पॉइंट पाच आहे ना, तेच ते." तेच ते नाही. ई २२० डी सारख्या गाडीला २२९.५ घातलं तर गाडी छान चालेल, आवाजही मऊ येईल आणि पुढे कित्येक महिने काहीच बिघडणार नाही. म्हणून तर चूक लक्षात येत नाही.

नव्या गाड्यांसाठी २२९.७१ सारखी आणखी पातळ, ०डब्ल्यू-२० ऑइलंही आहेत. ती इंधन वाचवतात. पण "नवं म्हणजे चांगलंच" असं समजून ती जुन्या व्ही-६, म्हणजे सहा सिलिंडरच्या, डिझेल इंजिनात ओतू नका. ती त्या इंजिनासाठी नाहीत. तुमच्या गाडीच्या हँडबुकात जे आकडे छापलेत तेवढेच तुमचे. हँडबुक हरवलं असेल, तर मर्सिडीजची मंजूर वंगणांची यादी इंटरनेटवर खुली आहे. त्यात ऑइलचं नाव शोधता येतं.

[दृश्य: लेबलवरचे शब्द मोठे करून दाखवावेत.]

आणखी एक चलाखी. 'अप्रूव्हल' लिहिलेलं असेल, तर ते ऑइल गाडीच्या कंपनीनं तपासून मंजूर केलेलं असतं. 'सूटेबल फॉर' किंवा 'मीट्स' असेल, तर ते ऑइलवाल्याचं स्वतःचं म्हणणं. ते खोटंच असेल असं नाही. पण माझ्या पैशानं मी मंजूर झालेलंच घेईन. मंजुरी असली की मोबिल, शेल, कॅस्ट्रॉल की मोतुल, यावर तावातावानं भांडण्यात मला तरी काही राम दिसत नाही.

[दृश्य: चंद्रपूर, मे महिन्यातली दुपार. रस्त्यावर उन्हाची झळ.]

राहिला गरमीचा मुद्दा. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मग जाड ऑइल नको का?

इंजिनला बाहेरचा उन्हाळा आपल्यासारखा लागत नाही. थर्मोस्टॅट आणि ऑइल कूलर त्याला ठरावीक तापमानाच्या आसपास ठेवतात आणि गरम इंजिनात ऑइल १०० अंशांच्या जवळपास असतं, ओस्लोत काय आणि चंद्रपुरात काय. ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा १०० अंशांवरच मोजलेला आहे. त्याच्या आधीचा ५डब्ल्यू थंडीतल्या सुरुवातीचा. महाराष्ट्रात उणे ३० अंश कुठेच नसतात हे खरं, पण सकाळी किल्ली फिरवल्यावर वरच्या भागांपर्यंत ऑइल लवकर पोचणं पुण्यातही कामाचंच.

खरी ताकद मोजतात १५० अंशांवर, बेअरिंगमध्ये ऑइल प्रचंड वेगानं घासलं जातं त्या अवस्थेत. सी-३ वर्गात तिथल्या जाडपणाची किमान मर्यादा ३.५ मिलिपास्कल-सेकंद आहे. ए-५/बी-५ मध्ये त्याहून कमी चालते. म्हणजे आपल्या तीन डब्यांतला पहिला आणि तिसरा जिथे कसोटी लागते तिथे एकसारखे नाहीत. आणि चांगलं सी-३ ऑइल 'पातळ' दिसलं तरी तिथे जाड थर धरून राहतं.

ई २२० डी चं ओएम ६५४ इंजिन घ्या. १९५० सीसी, १९४ अश्वशक्ती. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, पिस्टन स्टीलचे आणि बोअरच्या, म्हणजे पिस्टन वरखाली होतो त्या नळकांड्याच्या आत लोखंड-कार्बनचा मिलिमीटरच्या अंशाइतका पातळ, आरशासारखा थर फवारलेला. घर्षण कमी व्हावं म्हणून इतका खटाटोप केलेल्या इंजिनात ट्रकचं १५डब्ल्यू-४० ओतायचं, म्हणजे तो खटाटोप पाण्यात.

[दृश्य: मुंबई, पश्चिम द्रुतगती मार्ग. संध्याकाळची कोंडी.]

आपल्याकडचा खरा शत्रू ऊन नाही, ट्रॅफिक आहे.

अंधेरीहून वांद्रे, वाकडहून हिंजवडी. गाडी चालते थोडी, थांबते फार. फिल्टर नीट तापतच नाही. रीजनरेशन सुरू होतं आणि अर्ध्यातच तुम्ही पार्किंगमध्ये पोचून इंजिन बंद करता. गाडी बंद करूनही पंखा घोंघावत राहिला, किंवा उभ्या गाडीचे आरपीएम उगाच वाढलेले दिसले, तर बहुधा हेच चाललेलं असतं.

रीजनरेशनसाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल सगळंच धुराबरोबर जात नाही. काही बोअरच्या भिंतीवरून ओघळून खाली चेंबरमध्ये ऑइलला मिळतं. अर्धवट रीजनरेशन वारंवार झालं की ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी चक्क वाढते. ऑइलची पातळी मोजायची काडी तपासल्यावर ऑइल कमी न होता वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर ऑइल बदलायला घ्या, किलोमीटर किती झालेत ते बघत बसू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत काडीच नसते, पातळी स्क्रीनवर बघावी लागते आणि म्हणून कुणी बघत नाही. ऑइल काळं पडलं म्हणून मात्र घाबरू नका. डिझेलचं ऑइल लवकर काळं पडतंच.

युरोपात काही कंपन्या ३० हजार किलोमीटर किंवा दोन वर्षांचा अवधी देतात. त्या आकड्यावर इथे कुणी जाऊ नये. आपल्याकडे १५ हजार किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. गाडी निव्वळ शहरात फिरत असेल तर मी दहाच्या पुढे जाणार नाही. आणि अधूनमधून तिला समृद्धीवर नाहीतर एक्स्प्रेस वेवर अर्धा-पाऊण तास एका चालीत पळू द्या.

[दृश्य: वेगवेगळ्या गाड्यांचे लोगो, झपाट्यानं.]

इतर गाड्यांचं तत्त्व तेच, आकडे वेगळे. बीएमडब्ल्यूच्या बहुतेक डीपीएफ डिझेलना लाँगलाइफ-०४. औडीला बहुतेक वेळा ५०७ ००. लँड रोव्हरच्या इंजेनियम डिझेलला ०डब्ल्यू-३०, एसटीजेएलआर.०३.५००७. मित्राच्या बीएमडब्ल्यूचं उरलेलं ऑइल आपल्या औडीत, हा व्यवहार टाळा.

प्रवासात पातळी कमी झाली आणि नेमकं ऑइल मिळेना, तर मर्सिडीजच्या अनेक हँडबुकांत एकदाच, जास्तीत जास्त एक लिटर, सी-३ वर्गाचं ऑइल घालायची मुभा आहे. 'इंजिन ट्रीटमेंट'च्या बाटल्या मात्र दुकानातच राहू द्या. ऑइलमधल्या रसायनांचं प्रमाण ठरवायला इंजिनिअरांनी घासलेली वर्षं एका बाटलीत बिघडवायची कशाला?

[दृश्य: गॅरेज. जुनं ऑइल ट्रेमध्ये निथळतंय. बाजूला रिकामे डबे.]

लूज ऑइल घेऊ नका. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, सील आणि बॅच नंबर बघा, क्यूआर कोड असेल तर स्कॅन करा. शोरूममध्ये ऑइल बॅरलमधून येतं, तिथे डबा दिसणार नाही. मग बिलावर मंजुरीचा आकडा लिहून मागा. नुसतं 'सिंथेटिक ऑइल, ७ लिटर' एवढं लिहिलेलं बिल काही उपयोगाचं नाही.

आणि काम झाल्यावर रिकामे डबे तसेच सोडून येऊ नका. चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यालाही गिऱ्हाईक असतं आणि भलतंच ऑइल भरून तो पुन्हा बाजारात येऊ शकतो. मेकॅनिकला सांगा, प्रत्येक डब्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून दोन भोकं पाड. तो तुमच्याकडे विचित्र नजरेनं बघेल. बघू द्या.