सड्यावरची रेंज पडवीत

(दृश्य : सकाळ. सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार. कातळावर उकिडवी बसलेली दोन माणसं, मोटारसायकलवर एक मुलगी.)

सकाळी साडेसातला इथे माणसं कशाला जमतात, हे पाहुण्याला कळत नाही. शेत इकडे नाही आणि देऊळही नाही. पण प्रत्येकाच्या हातात फोन आहे. रात्री मुंबईहून आलेले निरोप वाडीतल्या माणसाला मिळतात ते सडा चढून आल्यावर.

2020 च्या टाळेबंदीत कोकणातली पोरं ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर जाऊन बसत होती, तेव्हा त्याच्या बातम्या झाल्या. टाळेबंदी उठली तशा बातम्या थांबल्या. सडा चढणं काही थांबलं नाही.

(दृश्य : पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरताना कॅमेरा. खाली कौलारू छपरं, पलीकडे खाडी.)

ही राजापूरच्या खाडीकाठची वाडी. घरं उतारावर, माडापोफळींच्या आत. पाठीशी सडा, म्हणून वादळवारा लागत नाही. जुन्या माणसांनी जागा निवडली ती याच हिशेबाने. रेंजला मात्र नेमका हाच सडा आडवा येतो.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना 2011 मध्ये मंजूर झाली. 2015 पासून तिला भारतनेट म्हणतात. इथे पंचायत वर, वाडी खाली, आणि मधल्या पायऱ्या तुम्ही आत्ता पाहताय. केबल त्या उतरलेली नाही.

(दृश्य : माजघर. फोनचा पडदा जवळून. आकडा : उणे 118.)

फोनच्या कोपऱ्यातल्या दांड्यांवर विसंबू नका. एक दांडी म्हणजे किती, हे प्रत्येक फोन आपल्या मनाने ठरवतो. खरं मोजमाप म्हणजे हा आकडा. तो उण्यात असतो, त्यामुळे उणे सोडून पुढचा आकडा जितका लहान तितका चांगला. उणे 80 म्हणजे चैन. उणे 118 म्हणजे फोन लागला तर लागला.

आता हाच फोन घेऊन या घरातल्या काकांचा पुतण्या शिडी चढतोय. पडवीत 112. पन्हळीशी 106. कौलांच्या वर, हात उंच केल्यावर, 101.

म्हणजे रेंज घरावरून जातेय. जांभ्याच्या जाड चिऱ्यांच्या भिंती आणि भोवतालची झाडी तिला आत येऊ देत नाहीत. माजघर ते कौल, एवढ्यात सतरा डीबीचा, म्हणजे डेसिबलचा, फरक. दहा डीबी म्हणजे दहापट ताकद, वीस म्हणजे शंभरपट. त्या हिशेबाने सतरा म्हणजे पन्नासपट झाले.

(दृश्य : अंगणात खोक्यातून अँटेना निघतो. काकू पदराला हात पुसत बघतायत.)

काकू बघताक्षणी म्हणाल्या, "हा तर टीव्हीचा अँटेना!" बरोबर ओळखलं त्यांनी. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढे गावोगावच्या छपरांवर जे ॲल्युमिनियमचे सांगाडे चढले, ते याच जातीचे. मूळ रचना जपानमधल्या तोहोकू विद्यापीठातल्या उदा आणि यागी यांची, 1926 च्या सुमाराची. मागे एक दांडा परतवणारा, पुढे चारसहा दांडे लहर पुढे ओढणारे. तो वीज खात नाही की रेंज तयार करत नाही. चहूकडे सांडणारं लक्ष एका दिशेला लावतो, एवढंच त्याचं काम.

इथे दोन आहेत, कारण फोर-जी एका वेळी दोन प्रवाहांत माहिती पाठवतं. एक डावीकडे पंचेचाळीस अंश कललेला, दुसरा उजवीकडे. समोरून पाहिलं तर गुणिलेचं चिन्ह दिसतं. एकच लावला तर चालतं, पण निम्मा वेग घालवून.

(दृश्य : जीआय पाइप वाशाला बांधला जातोय. क्लॅम्प, पाना, सुंभ.)

सुंभ तात्पुरता, पाइप सरळ उभा राहीपर्यंत.

आता आमची चूक सांगतो. अँटेनाबरोबर आलेली दहा मीटरची बारीक काळी केबल आम्ही तशीच्या तशी खाली पडवीत आणली, राउटरला, म्हणजे सिमकार्डावर चालून घरात इंटरनेट देणाऱ्या डबीला, जोडली. आकडा 107! वर हातात धरलेला साधा फोन 101 दाखवत होता. दुपार गेली. अँटेना खराब निघाला म्हणून त्याला शिव्याही देऊन झाल्या.

दोष केबलचा होता. फोर-जीच्या 1800 मेगाहर्ट्झच्या लहरींना अशी बारीक केबल दहा मीटरमध्ये सहा-सात डीबी खाते. म्हणजे वर पकडलेल्यातला पाऊण हिस्सा वाटेतच संपतो. जाड केबल दोन डीबीवर भागवते, पण ती महाग, आणि जाड मनगटासारखी हट्टी, वळता वळत नाही.

(दृश्य : माळा. भाताच्या कणग्या सरकवून राउटर ठेवला जातो.)

मग राउटरच माळ्यावर नेला. अँटेनाची केबल कापून तीन मीटर केली आणि राउटरपासून खाली साधी लॅनची वायर सोडली. ती शंभर मीटरपर्यंत कुरकुरत नाही. ज्याला या फिल्ममधून एकच गोष्ट न्यायची असेल त्याने ही न्यावी : अँटेना ते राउटर अंतर आखूड, बाकीची लांबी लॅनवर. राउटर घेण्याआधी त्याला बाहेरचा अँटेना जोडायची सोय आहे का, ते मागून उलटून बघा. पुष्कळांना नसते. माळ्यावर मे महिन्यात तापतं, म्हणून त्याला छोटा पंखा लावलाय. वीज जाते म्हणून बारा व्होल्टची बॅटरीही आहे.

(दृश्य : छपरावर पुतण्या पाइप फिरवतोय. अंगणात काकू फोनवरचा आकडा ओरडून सांगतायत.)

हे मात्र अगदी टीव्हीच्या दिवसांसारखं. तेव्हा "आलं, आलं... गेलं!" होतं, आता "शंभर! पंच्याण्णव! परत शंभर!" थोडं फिरवायचं, अर्धा मिनिट थांबायचं, मग विचारायचं. घाई केली की राउटर जुनाच आकडा धरून बसतो.

टॉवर वर सड्यापलीकडे, बाजाराच्या अंगाला आहे. सगळ्यांनी बोट तिकडेच दाखवलं होतं. तिकडे 95 च्या खाली काही उतरेना. मग पाइप हळूहळू खाडीकडे वळला.

(दृश्य : अँटेनाच्या मागून, खाडी. पलीकडचा किनारा. इथे निवेदन नाही. काकूंचा आवाज : "एक्क्याऐंशी!")

पलीकडच्या तिरावरचा टॉवर लांब आहे, पण मध्ये फक्त पाणी. पाण्यावर आडवं यायला काही नसतं. बाजारातला जवळचा टॉवर डोंगराआड राहिला तो राहिलाच.

(दृश्य : तालुक्याच्या बाजारातलं दुकान, लांबून. फलकावर 'बूस्टर'.)

इथे जरा थांबू. "अँटेनाचा खटाटोप कशाला, बूस्टर लावा," असं सांगणारे भेटतील. परवान्याशिवाय बूस्टर विकणं, बाळगणं, लावणं आपल्याकडे बेकायदा आहे. शिवाय तो टॉवरच्या कानाशी इतका कलकलाट करतो की आसपासच्या चार वाड्यांचे फोन तुटायला लागतात. आपली रेंज शेजाऱ्याच्या जिवावर कशाला?

(दृश्य : जोडांवर रबरी चिकटपट्टी गुंडाळणारी बोटं, खूप जवळून.)

एकेका जोडाला तीन वेढे, खालून वर, म्हणजे पाणी उतरताना आत शिरत नाही. केबलला भिंतीत शिरण्याआधी एक झोळ द्यायचा. पाइपाला अर्थिंग हवंच. विजा कडाडायला लागल्या की पिन काढायची.

(दृश्य : पडवी. लॅपटॉपसमोर मोटारसायकलवर दिसलेली मुलगी. काका चष्मा लावून सातबारा बघतायत. पडद्यावर दुबईतला मुलगा.)

मुलगी आता घरूनच काम करते. गणपतीत चाकरमानी आले की टॉवरवर गर्दी होते आणि वेग पडतो, त्याला अँटेना काही करू शकत नाही.

(दृश्य : माडाची वाढलेली झावळी अँटेनासमोर हलतेय. काका कोयता घेऊन शिडी चढतात.)

पावसात ओली झावळी आकडा तीन-चारने पाडते. काकू खालून सांगतात कुठली तोडायची ते. "ती नव्हं, तिच्या अलीकडची."