उद्या डब्याला काय?

(कोल्हापुरात एका महिला मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारं माणूस कुणाकुणाच्या घरात आहे? हात वर करा बघू. बरेच आहेत की. म्हणजे तुमचा गॅस साडेपाचला पेटतो. आणि साडेपाचला ओट्यापाशी उभं राहून ‘आज काय करू’ हा विचार सुरू झाला, की बटाटा जिंकतो. माझ्या घरातही कितीतरी वर्षं तोच जिंकायचा. भाजी वीस मिनिटांत होते हो, त्याआधीची दहा मिनिटं फ्रीजचं दार उघडून उभं राहण्यात जातात. म्हणून उद्याचं कोरड्यास, म्हणजे भाजी, आज रात्री जेवताना ठरवायचं, आणि ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. एवढंच सांगायला मी आले आहे. बाकीचं त्याच्या अनुषंगानं.

आता आपण खातो किती, ते बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये नवी आहार मार्गदर्शिका काढली. तिच्यातल्या नमुना ताटात मोठ्या माणसाला दिवसाला 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं आहेत. हे सगळं कच्चं वजन. घरी ताडून बघा. आमटीसाठी आपण चार माणसांत वाटीभर तूरडाळ घेतो, ती भरते दीडशे ग्रॅमच्या आसपास. तीच आमटी सकाळी आणि तीच रात्री पाणी वाढवून. म्हणजे माणशी चाळीस ग्रॅमसुद्धा नाही. पोट भरतं ते भातानं आणि चपातीनं.

आणि उपाय आपल्याच गावात आहे. मटकी! कोल्हापूरला मटकीचं महत्त्व मी सांगावं असं नाही, पण आपण ती मिसळीच्या कटात बुडवून वर फरसाणाचा डोंगर करतो आणि शेजारी ब्रेडच्या स्लाइस ठेवतो. घरी माप उलटं करा. मटकी दोन वाट्या, कट पळीभर, फरसाण चिमटीत येईल एवढं, वर कच्चा कांदा आणि लिंबू. लिंबू चवीसाठी तर आहेच, पण त्यातल्या क जीवनसत्त्वामुळं मटकीतलं लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र जेवणाला लागून नको, तो लोह अडवतो. तासभर थांबा.

मोड आणायला वेळ कुठला, असं म्हणाल. शनिवारी रात्री झोपताना अर्धा किलो मटकी भिजत टाका. रविवारी सकाळी उपसून पंचात घट्ट बांधायची आणि गाठोडं चाळणीत ठेवायचं. संध्याकाळी गाठ सोडली की पांढरे, वाकडे मोड कापडातून बाहेर डोकावत असतात. डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा, बुधवारपर्यंत काळजी नाही. मी एकदा एप्रिलमध्ये गाठोडं बांधलं आणि विसरले. दोन दिवसांनी घरात वास कसला येतोय म्हणून सासूबाई सगळीकडं शोधत होत्या. मटकी गेली, पंचाही गेला.

मोडाच्या मटकीला कुकर लागत नाही. कढईत फोडणी, हळद, कांदा-लसूण मसाला आणि वर पाण्याचं झाकण. दहा मिनिटं. मसाल्यात मीठ असतंच, ते धरून वरचं मीठ घाला. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. आपला खर्डा, लोणचं आणि पापडच त्यातला बराचसा वाटा खातात.

माळवं आठवड्यातून दोनदा आणा. मेथी, पोकळा, चाकवत असली पालेभाजी आणल्या दिवशीच निवडून कापडात गुंडाळून ठेवायची. निवडायला पोरांना बसवा, मुलग्यांनासुद्धा. टीव्ही बघत निवडू देत, चार काड्या राहिल्या तर राहिल्या. खरं तर हे व्याख्यान पुरुषांपुढं व्हायला हवं होतं. आज इथं दोघंच आहेत, तेही स्पीकर लावायला आलेत.

भाकरी जमत नसेल तर विकत आणा. पहाटे उठून थापलेलीच खरी, असं काही नाही. ज्वारीतला चोथा विकतच्या भाकरीतही तेवढाच असतो. शिळी उरली तर कुस्करून ताक घाला, वर दाण्याची चटणी. पोरांच्या मधल्या सुट्टीच्या डब्यालाही पाकिटातल्या नूडल्सपेक्षा मूठभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा बरा. गूळही शेवटी साखरच हे मात्र विसरू नका, गाव गुळाचं आहे म्हणून त्याला सूट नाही.

आणि रविवारचं मटण? ते सोडा म्हणणाऱ्या बाईला तुम्ही आत्ताच स्टँडवर सोडून याल, मला माहीत आहे. खा. फक्त तांबड्या रश्श्यावरचा तवंग पळीनं बाजूला काढा, आणि ताटात काकडी-मुळ्याची कोशिंबीर आधी वाढा, मटण नंतर. भूक थोडी निवली की तिसऱ्या वाटीचा आग्रह आपोआप कमी होतो. पाहुण्यांचं मी काही सांगू शकत नाही.

चहा आलेला दिसतोय. येताना आत डोकावले होते, सोबत भडंग आहे. माझ्या वाटणीत कच्चा कांदा जरा जास्त घाला. प्रश्न खाता खाता विचारा.