जेट्टीपासून पुढे

(दृश्य : पुणे. सकाळचा कर्वे रस्ता, सिग्नलला थांबलेली वाहने. त्यावरून अंदमानचा नकाशा.)

पुण्याहून अंदमानला निघालेला मराठी प्रवासी बहुधा सेल्युलर जेलसाठी निघतो. १९११ ते १९२१ या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर जेथे बंदिवान होते, त्या कोठडीपुढे तो उभा राहतो, आणि त्याचे अंदमान तेथेच पूर्ण होते. सहलीच्या पत्रकात उरलेल्या दोन रात्री मग स्वराजद्वीप व शहीदद्वीप या दोन लहान बेटांच्या नावावर टाकलेल्या असतात. जेट्टीवर गाडी उभी असते, गाडीतून किनारा, किनाऱ्यावरून पुन्हा गाडी, असा त्यांचा क्रम असतो. आम्ही चौघांनी गेल्या फेब्रुवारीत त्या दोन बेटांसाठी आठ दिवस ठेवले आणि ते सरकारी बोट, सरकारी बस व सायकल यांच्या आधाराने काढले, कारण लहान बेट गाडीच्या काचेतून दिसत नाही असे आमचे ठाम मत आहे.

(दृश्य : पहाट, फिनिक्स बे जेट्टी. तिकीट तपासणीची रांग.)

हे श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर. येथून निघणाऱ्या खासगी बोटी दीड तासात स्वराजद्वीपला पोहोचवतात, आणि ज्याच्याकडे वेळ थोडा आहे त्याने त्या जरूर घ्याव्यात. परंतु त्यांपैकी बहुतेक बंदिस्त व वातानुकूलित असल्यामुळे समुद्र काचेपलीकडेच राहतो. सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास लागतात. ती मुळात बेटवासीयांसाठी चालते, त्यांच्या तिकिटाचा दरही वेगळा व कमी असतो, आणि पाहुण्याने आपण त्यांच्या बोटीत बसलो आहोत हे लक्षात ठेवलेले बरे. डेकवर प्रवाशांच्या पायांशी ठेवलेले हे सामान पाहा : शाळेच्या वह्यांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला टेबलफॅन, जुन्या साडीत गुंडाळलेले शिलाई मशीन. बेटावर जे पिकत नाही आणि बनत नाही, ते सारे याच वाटेने जाते.

(दृश्य : बोट धक्क्याला लागते. दोर, टायर, फळी.)

बोट धक्क्याला लागतानाचा हा प्रसंग आम्ही तीन वेळा चित्रित केला. खलाशी आधी एक बारीक दोर फेकतो. त्याच्या टोकाला गाठीचे वजन असते, म्हणून तो वाऱ्यातही सरळ जातो. धक्क्यावरचा माणूस तो ओढून घेऊ लागला की त्यामागून मनगटाएवढा जाड दोर पाण्यातून वर येतो, आणि त्याचा फास लोखंडी खुंटावर पडतो. मधल्या फटीत टांगलेले जुने टायर दाबले जाऊन करकरतात. भरती असेल तर डेक आणि धक्का यांत फारसा उंचसखलपणा राहत नाही. ओहोटी असेल तर फळी चांगलीच तिरकी होते, आणि दोन्ही हातांत बॅगा घेतलेल्या प्रवाशाला तीच फळी अवघड वाटते. पाठीवर मावेल एवढेच सामान आणावे, असे आम्ही सांगतो ते याच फळीमुळे.

(दृश्य : स्वराजद्वीप. बसच्या खिडकीतून सुपारीच्या बागा, मग जंगल.)

स्वराजद्वीप म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक आणि शहीदद्वीप म्हणजे पूर्वीचे नील. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअर येथे तिरंगा फडकवला आणि अंदमानला 'शहीद' व निकोबारला 'स्वराज' अशी नावे दिली. २०१८ मध्ये, त्या घटनेच्या पंचाहत्तराव्या वर्षी, ती नावे या दोन बेटांना मिळाली. बसमध्ये मात्र यांपैकी कोणतेच नाव कानावर पडत नाही. तेथे आकडे चालतात. जेट्टी एक नंबरला, बाजार तीन नंबरला, म्हणजे गोविंदनगरला. विजयनगरचा किनारा पाच नंबर आणि राधानगरचा सात नंबर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने येथे जमिनी दिल्या व वस्त्या वसवल्या. बसमधली भाषा आजही मुख्यतः बंगालीच आहे. हिंदी सर्वांना समजते, आणि 'सात नंबर' एवढे म्हटले तरी वाहकाला पुरते.

जेट्टीपासून राधानगर सुमारे १२ किलोमीटर आहे. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, म्हणून उतरताच परतीच्या बसची वेळ वाहकालाच विचारून घ्यावी.

(दृश्य : राधानगर, मावळतीचा प्रकाश.)

घड्याळाविषयी येथे सांगणे भाग आहे. अंदमान पुण्याच्या पूर्वेला सुमारे १९ अंश रेखांशावर आहे, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, म्हणून येथे सूर्य पुण्याच्या सव्वा तास आधी माथ्यावर येतो. फेब्रुवारीतही साडेपाचच्या सुमारास तो मावळतो. पुण्याच्या सवयीने चहा घेऊन पाचला निघणाऱ्याला किनाऱ्यावर अंधारच भेटतो; पहाटे पाचला उठणाऱ्याला मात्र अख्खा दिवस हाती लागतो.

(दृश्य : शहीदद्वीप. सायकलीच्या हँडलवरून दिसणारा रस्ता.)

शहीदद्वीप सुमारे १४ चौरस किलोमीटरचे, बरेचसे सपाट बेट आहे, आणि सायकलीसाठी याहून योग्य जागा आम्हाला ठाऊक नाही. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी येथील गावांची नावे आहेत. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे, तरी आमच्यापैकी दोघे शाळा सुटल्यानंतर प्रथमच सायकलीवर बसले. भाड्याची सायकल घेताना ब्रेक आधी दाबून पाहावेत आणि साखळीला बोट लावून पाहावे. खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. ही साखळी पाहा, दोन दिवस तेल न मिळाल्याने तिच्या कड्यांवर तांबूस पूड धरली आहे. जेट्टीपासून सीतापूर पाचेक किलोमीटर. या वाटेवर दोन्ही बाजूंना वांग्याची, टोमॅटोची, काकडीची शेते लागतात, कुंपणाला सायकल टेकवून पाणी मागता येते, आणि पाणी देणारी माणसे कोठून आलात हे विचारतात.

(दृश्य : लक्ष्मणपूर. खडकाची नैसर्गिक कमान; आधी भरतीत, मग ओहोटीत.)

बंगाली रहिवासी या खडकाच्या कमानीला 'हावडा ब्रिज' म्हणतात. आम्ही पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला सकाळी अकराच्या सुमारास येथे पोहोचलो, तेव्हा कमानीकडे जाणारी वाट पाण्याखाली होती. गाडीने आलेली दोन कुटुंबे दुरून छायाचित्रे काढून परत फिरली, कारण त्यांना पुढचा किनारा गाठायचा होता. आमच्या कोकणात तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे कोळ्यांच्या पोरालाही ठाऊक असते. तो हिशेब अंदमानच्या किनाऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, भरतीची वेळ तेथे वेगळी आहे. परंतु त्यामागचे गणित तेच. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि भरतीनंतर सहा तासांच्या आसपास ओहोटी पूर्ण होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे हटते, अष्टमीच्या भांगात, म्हणजे मंद भरती-ओहोटीत, कमी. त्या आकड्यांवर विसंबून आम्ही सायकली तेथेच लावल्या, डाब, म्हणजे शहाळे, प्यायलो आणि थांबलो. साडेचारला हे दृश्य मिळाले. खडकातल्या डबक्यांत अडकलेले मासे, समुद्रकाकडी, जिवंत प्रवाळाचे हे पुंजके. यांवर पाऊल पडू नये म्हणून वाळूच्या पट्ट्यावरूनच चालावे, आणि एकही शिंपला अथवा प्रवाळाचा तुकडा खिशात घालू नये.

गाडी टाळण्यामागे हेही एक कारण आहे : या बेटांवरची वीज मुख्यतः डिझेलवर तयार होते, ते डिझेल आणि वाहनांचे इंधनही मुख्य भूमीवरून जहाजाने येते, आणि समुद्र तापल्यामुळे २०१० व २०१६ मध्ये अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते.

(दृश्य : शहीदद्वीपची जेट्टी, परतीचा दिवस.)

परतीच्या विमानाच्या आदला पूर्ण दिवस श्रीविजयपुरममध्ये मोकळा ठेवावा. समुद्र खवळला की बोट रद्द होते; नैर्ऋत्य मोसमी पावसात तर हे वारंवार घडते, आणि तेथे कोणाची ओळख कामी येत नाही.

आमची बोट वेळेवर आली. तिच्यात आधी भाजी चढली, कारण राजधानीच्या बाजारातील पुष्कळशी भाजी याच बेटावरून जाते. टोपल्यांवर ओली गोणपाटे अंथरलेली आहेत, एका टोपलीतून वांग्याचे देठ वर आले आहेत, आणि दोन तरुण त्या हातोहात पुढे देत आहेत. मग प्रवासी चढले. धक्क्यावरच्या माणसाने खुंटावरचा फास काढून पाण्यात सोडला. खलाशी जाड दोर वर ओढून घेतो आहे, आणि बारीक दोर कोपरात वेटोळे घालून पुढच्या जेट्टीसाठी हाताशी ठेवतो आहे.